मिठाचा मोठा डबा

चहा आजही फाटला. निरीक्षकांनी गॅस बंद केला, चष्मा नाकावर सरकवला आणि पातेल्यात वाकून पाहिलं. वर तांबूस पाणी, खाली दुधाचा चोथा. काल असंच झालं होतं, परवाही असंच. बायको मुलीकडे गेल्यापासून या घरात सकाळी जे काही उकळत होतं त्याला चहा म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती. शेवटी त्यांनी ते गाळलं, दोन घोट घशाखाली ढकलले आणि उरलेलं मोरीत ओतून दिलं.

निरीक्षक म्हणजे वजनमापांचे निरीक्षक. निवृत्त झाले होते, पण बाजारातून चालले की अजूनही दुकानदार उगाचच तराजू पुसायला घेत. खालून पोखरलेली वजनं, बुडाला पोचे पाडलेली मापं, पारड्याखाली चिकटवलेली चिंच, असल्या चोऱ्या पकडण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. "मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," असं ते अधूनमधून घरात म्हणत. बायको "हो ना" म्हणायची आणि कामाला लागायची.

चोरीइतकाच त्यांचा दुसऱ्या एका गोष्टीवर राग होता. ती गोष्ट म्हणजे पांढरी साखर. काही वर्षांपूर्वी कुणाचं तरी व्याख्यान ऐकून ते घरी आले ते साखरेचा डबा रिकामा करूनच बसले. "साखर म्हणजे काय, तर धुऊन धुऊन जीव काढलेला उसाचा रस," ते सांगत. "रंग गेला, वास गेला, सत्त्व गेलं, उरली नुसती गोडी. गुळाचं तसं नाही. गूळ जे काही आहे ते अंगावर घेऊन उभा असतो." त्या दिवसापासून घरात फक्त गुळाची पूड. महिन्याभरात त्यांचे गुडघे कुरकुरायचे थांबले, झोप गाढ लागू लागली, आणि डोक्यावर जे थोडेफार केस होते तेही तग धरून राहिले. कुणाकडे गेले की कपाला नाक लावून "पांढरी आहे" म्हणत आणि कप बशीसकट परत करत. मुलगी तेव्हा शिकायला दुसऱ्या गावी होती. तिच्यावर फोनवरून संस्कार झाले, आणि ते पक्के झाले.

आता त्याच मुलीला बाळ झालं होतं. बायको महिन्याभरासाठी म्हणून गेली होती, पण बाळ नाजूक, मुलीची नोकरी, जावयाची फिरती, असं करत मुक्काम लांबत चालला होता. जाताना तिनं स्वयंपाकघरातल्या फळीसमोर उभं राहून सगळं नीट समजावून सांगितलं होतं. डाळी इथे, तांदूळ इथे, गुळाची पूड या बरणीत. "आणि मिठाचा हा छोटा डबा वापरा. मोठ्याला हात लावू नका, त्यातलं मीठ ओल धरलेलं आहे." मुलगी फोनवर म्हणाली होती, "बाबा, तुम्ही पण या ना." निरीक्षक म्हणाले, "घर कोण बघणार?" घराला बघण्यासारखं काही नव्हतं. पण त्यांना वाटलं होतं, कुणीतरी अजून एकदा म्हणेल. कुणी म्हटलं नाही.

त्यांना बायकोची आठवण येत होती, आणि ती नेमकी सकाळीच येई. इतकी वर्षं त्यांनी पलंगावर पडल्या पडल्या तिचा चहा ऐकला होता. पाणी पातेल्यात पडल्याचा आवाज, मग बरणीचं झाकण, मग चमचा पातेल्याच्या काठावर दोनदा टिचकायचा, मग दूध, मग उतू जाता जाता सावरलेली फुसफुस. मग ती दोन कप घेऊन बाहेर यायची, एक त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवायची आणि दुसरा घेऊन समोर बसायची. दोघं काही बोलत नसत. बोलण्यासारखं रोज असतं कुठे? पण आता त्यांना त्या न बोलण्याची इतकी सवय लागलेली जाणवत होती की समोरची रिकामी खुर्ची त्यांनी भिंतीकडे वळवून ठेवली होती.

फोनवर मात्र ते हे असलं काही सांगत नसत.

"चहा जमतोय ना?" ती रोज विचारायची.

"जमतोय. थोडा फाटतो."

ती घसा खाकरायची. "दूध जुनं असेल," ती म्हणायची.

दूध. निरीक्षकांच्या अंगात एकदम जुना हुरूप संचारला. दुसऱ्या दिवशी दूधवाला सायकलवरून उतरतो न उतरतो तोच ते आपलं शिक्क्याचं माप घेऊन जिन्याखाली उभे. इमारतीतली माणसं भांडी घेऊन रांगेत होती. सगळ्यांसमोर त्यांनी दूधवाल्याचं माप आपल्या मापात ओतलं. दूध काठोकाठ भरलं आणि थोडं बाहेर सांडलं. म्हणजे माप भरून वर घसघशीत होतं.

"मापाचं ठीक आहे," निरीक्षक म्हणाले. "मग दुधात काय घालता?"

"साहेब, दुधात दूध असतं," दूधवाला म्हणाला. "इतकी वर्षं बाईंनी एक दिवस तक्रार केली नाही."

"ती भोळी आहे."

दूधवाल्यानं त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं. "बाई आहेत ना, देवमाणूस आहेत. त्या गेल्यापासून माझी गाय पण धड खात नाही. रोज दाराकडं बघत उभी राहते."

"गाईला कशाला मधे आणता? चहा का फाटतो ते सांगा."

"ते मला काय माहीत? उद्यापासून दुसरीकडनं घ्या दूध. सगळेच घ्या," असं म्हणून त्यानं सायकल वळवली. मागची अर्धी रांग रिकामी भांडी घेऊन तशीच उभी राहिली.

झालं. दुसऱ्या दिवशीपासून सगळी इमारत सकाळी उठून चौकापर्यंत पिशवीतल्या दुधासाठी धावू लागली. खालच्या मजल्यावरची शिक्षिका रोज शाळेत उशिरा पोचू लागली आणि जिन्यात निरीक्षक दिसले की वर छताकडे बघू लागली. निरीक्षकांनीही पिशवीतलं दूध आणलं, अगदी ताजं. चहा फाटला.

मग त्यांनी पातेलं बदललं. चहाची पूड बदलली. पाणी गाळून घेतलं. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, अशी त्यांची तपासाची शिस्त होती. शेवटी एकच आरोपी उरला. त्यांनी बरणी उघडली, गुळाची पूड हातावर घेतली, वास घेतला. इतकी वर्षं ज्या दुकानातून ते स्वतः ही पूड आणत होते, त्या दुकानदारानं माल बदलला होता तर.

दुकानदार सज्जन माणूस होता आणि निरीक्षकांना थोडा घाबरून होता. "साहेब, तोच माल आहे. तुम्ही घेता म्हणून तर मी ठेवतो."

"मग करा इथे चहा."

दुकानात मागे स्टोव्ह होता. दुकानदारानं गिऱ्हाइकांसमोर चहा टाकला. त्यानंही निरीक्षकांनी सांगितलं तसंच केलं, गुळाची पूड आधी, दूध मागून, आणि दणकून उकळी. चार उत्सुक डोकी पातेल्यावर वाकली. चहा सगळ्यांच्या देखत फाटला. निरीक्षकांनी फक्त दुकानदाराकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत निम्म्या गल्लीनं गुळाची पाकिटं परत आणून दिली, आणि दुकानदार गल्ल्यावर डोकं धरून बसला.

त्या संध्याकाळी फोन मुलीनं उचलला. निरीक्षकांनी तिला सगळा तपास सविस्तर ऐकवला. ती हसत सुटली.

"अहो बाबा, गूळ घालून दूध उकळलं तर फाटणारच. गॅस बंद करायचा आणि मग शेवटी गूळ घालायचा. मी तसंच करते. कुणालाही विचारा."

निरीक्षकांच्या डोळ्यांसमोरून आधी दूधवाला सायकल ढकलत गेला, मग दुकानदार.

"आईला दे," ते म्हणाले.

"आई बाळाला झोपवतेय. बाबा, तुम्ही जरा सांगा ना तिला. तिनं चहा सोडलाय इथे आल्यापासून. म्हणते, नको वाटतो. इतका छान गुळाचा चहा करून देते मी, दोन घोट घेते आणि ठेवून देते. आपल्याकडे पांढरा दाणासुद्धा नाही घरात, तुम्हाला माहितीये."

निरीक्षकांना अभिमान वाटायला हवा होता. पण चहा सोडला हे काही त्यांना पटेना. सकाळी चहा झाल्याशिवाय जिचे डोळे उघडत नाहीत ती चहा सोडते म्हणजे काय? काहीतरी दुखतंखुपतं असणार आणि सांगत नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलीनं सांगितलं तसा चहा केला. गॅस बंद, मग गूळ. चहा फाटला नाही. रंग चांगला आला. निरीक्षकांनी कप खुर्चीच्या हातावर ठेवला, बसले, घोट घेतला. चहा वाईट नव्हता, पण तो दुसऱ्याच कुणाच्या घरचा होता. त्यांना इतकं एकटं वाटलं की कप हातात धरून ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले.

आणि मग त्यांच्यातला निरीक्षक हळूहळू जागा झाला. झाकण, मग चमचा दोनदा, मग दूध, मग उकळी. हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षं ऐकला होता. ती गोड आधीच घालायची. मग तिचा चहा कसा फाटत नव्हता?

त्यांनी लगेच फोन लावला. "अगं, तू गूळ कधी घालायचीस?"

"कशात?"

"चहात."

"अं, घालायचे की. अंदाजानं."

"आधी की नंतर?"

"बाळ उठलं वाटतं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मागे बाळाचा आवाज अजिबात नव्हता.

दुपारी त्यांनी जेवायला अंडी उकडली, कारण त्यांना खात्रीनं येणारी ती एकच गोष्ट होती. छोट्या डब्यातलं मीठ संपलं होतं. त्यांनी मोठा डबा खाली काढला. ओल धरलेलं असेना का, चिमूटभर तर घ्यायचं होतं. अंड्यावर भुरभुरवलं, तोंडात टाकलं आणि थांबले. जिभेवर काहीतरी विपरीत घडत होतं. त्यांनी दुसरं अंडं घेतलं. तेही गोड.

निरीक्षक उठले. खिडकीशी जाऊन त्यांनी डब्यातले दाणे तळहातावर पसरले, चष्मा काढून अगदी डोळ्यांजवळ धरले. कोरडे, स्वच्छ, चौकोनी, पांढरेशुभ्र. ओल वगैरे काही नव्हती. डबा जवळपास भरलेला होता, आणि झाकणावर बायकोच्या ठसठशीत अक्षरात 'मीठ' असं लिहिलेलं होतं.

आयुष्यात इतकी शुद्ध फसवणूक त्यांनी पकडली नव्हती. कानशिलं तापली. फोनकडे हात गेला. काय काय बोलायचं त्याची मनात जुळवाजुळव झाली: विश्वास, तत्त्व, इतकी वर्षं, माझ्याच घरात. पण पुरावा पूर्ण झाल्याशिवाय आरोप करायचा नाही, ही नोकरीतली शिस्त आडवी आली. त्यांनी पातेलं चढवलं. पाणी, चहाची पूड, मोठ्या डब्यातले दोन चमचे, काठावर दोन टिचक्या, दूध, उकळी.

घोट घेतला आणि ती समोर येऊन बसली.

तोच चहा. पहिल्या घोटाला त्यांना तिचा राग होता, कप अर्धा होईपर्यंत तो कुठे गेला ते कळलं नाही. त्यांना आठवलं, गुळाचा हुकूम निघाला त्याच्या पहिल्या दोन सकाळी तिचाही चहा फाटला होता. तेव्हा ते म्हणाले होते, "तुझं लक्ष नसतं." तिसऱ्या दिवशी चहा झकास झाला होता. तेव्हा ते म्हणाले होते, "बघ, मनावर घेतलं की जमतं." तिनं मनावर घेतलंच होतं की.

मग गुडघे? झोप? केस? निरीक्षकांनी गुडघा वाकवून पाहिला. गेले काही दिवस, म्हणजे खरा गूळ पोटात जाऊ लागल्यापासून, तो पुन्हा कुरकुरत होता. आणि आपण पिशव्या भरभरून आणलेला गूळ जात कुठे होता? खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना दूधवाल्याची गाय आठवली, दाराकडे बघत उभी राहणारी. काय तुकतुकीत गाय होती. सत्त्व सगळं तिच्या अंगी लागलं होतं.

कप रिकामा झाला आणि सगळ्यात शेवटची गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. तिनं चहा सोडला नव्हता. ती गेली होती त्यांनीच संस्कार केलेल्या मुलीच्या घरी, जिथे पांढरा दाणा नव्हता आणि मागायची सोय नव्हती. मागितला असता तर इथली चोरी उघडी पडली असती. त्यांच्या तत्त्वाची लाज राखायला ती रोज सकाळी दोन घोट घेऊन कप बाजूला ठेवत होती. आता मात्र निरीक्षकांना खुर्चीत बसवेना.

निघण्याआधी दोन कामं उरकायची होती. दुकानदाराकडे जाऊन त्यांनी भर दुकानात सांगितलं की माल चोख आहे, चूक उकळीची होती, आणि परत आलेल्या पाकिटांतली मावतील तेवढी पिशवीत भरून घेतली. ती पिशवी घेऊन ते दूधवाल्याच्या गोठ्यावर गेले.

"हे गाईसाठी," ते म्हणाले.

दूधवाल्याचा चेहरा पडला. "बाईंनी सांगितलं?"

"नाही."

"साहेब, देवाशपथ, मी कुणाला एक अक्षर बोललो नाही."

"यापुढेही बोलू नका," निरीक्षक म्हणाले. "आणि उद्यापासून इमारतीत दूध टाका. माझं चुकलं." गाईनं मान पुढे करून त्यांच्या हातातली पिशवी हुंगली आणि तिला ओळख पटली.

मुलीच्या घरचं दार बायकोनंच उघडलं. खांद्यावर बाळ होतं. ती वाळली होती, किंवा त्यांनाच तसं वाटलं.

"अहो, तुम्ही? आणि घर?"

"कुलूप लावलंय," निरीक्षक म्हणाले.

मुलीनं आनंदानं त्यांची पिशवी घेतली आणि आतलं सामान काढता काढता थबकली. "बाबा, हे काय? इथे मीठ मिळत नाही का?"

बायकोनं डबा पाहिला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि ती बाळाच्या पाठीवर जोरजोरात थोपटू लागली. बाळ झोपलेलं होतं.

"हे वेगळं मीठ आहे," निरीक्षक म्हणाले. "तुझ्या आईला दुसरं सोसत नाही."

"पण चांगलं आहे ना? काही भेसळ वगैरे?"

"मी स्वतः तपासलंय."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असं तिनं त्यांच्याकडे फारसं पाहिलं नव्हतं. मग तिनं बाळ मुलीच्या हातात दिलं, डबा उचलला आणि म्हणाली, "चहा टाकते."

"आई, तू तर सोडलास ना चहा?"

"धरते परत."

निरीक्षक बाहेरच्या खोलीत डोळे मिटून बसले. पाणी. झाकण. काठावर दोन टिचक्या. ती दोन कप घेऊन आली, एक त्यांच्या हाताशी ठेवला आणि समोर बसली. तिनं पहिला घोट घेतला तेव्हा तिचे खांदे खाली आले, आणि ते बघून निरीक्षकांना प्रवासाचा शीण गेल्यासारखं वाटलं.

"रागावलात?" तिनं हळूच विचारलं.

"गुडघे दुखतायत पुन्हा."

"गूळ खाल्लात ना खरा. त्यानं असेल," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. हसू ओसरल्यावर म्हणाली, "डबा सापडला होता, तर करून प्यायचा की घरीच. एवढ्या लांब कशाला आलात?"

"केला ना. अगदी तसाच झाला," निरीक्षक म्हणाले. "पण समोर तू नव्हतीस." हे बोलून त्यांना स्वतःलाच इतकं अवघडल्यासारखं झालं की त्यांनी घाईघाईनं कप तोंडाला लावला. दोघं बराच वेळ तशीच बसून राहिली, न बोलता, घरच्यासारखी.

तेवढ्यात मुलगी आली. "बघू तुमचा चहा," म्हणत तिनं वडिलांचा कप उचलला आणि घोट घेतला. तिच्या भुवया वर गेल्या. "आई, हा माझ्यापेक्षा किती चांगला झालाय. काय घालतेस तू यात?"

बायकोनं निरीक्षकांकडे बघितलं. निरीक्षकांनी खिडकीबाहेर बघितलं.

"काही नाही गं," बायको म्हणाली. "तुझाच गूळ. वरून चिमूटभर मीठ घालायचं."

"खरंच, बाबा?"

ज्यांच्या हातून जन्मात एक खोटं वजन सुटलं नव्हतं त्या निरीक्षकांनी मान डोलावली. "चिमूटभरच," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई कामाला निघाला होता. मुलीनं गुळाबरोबर आपल्या घरचं मीठ घालून केलेल्या आणि मोठ्या कौतुकानं हातात दिलेल्या नव्या चहाचा त्यानं पहिला घोट घेतला आणि तो बूट अर्धवट पायात असताना तसाच उभा राहिला. डोळ्यांत पाणी तरळलं.

"कसा झालाय?" मुलीनं विचारलं.

जावयानं एकदा तिच्या आशेनं भरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग कप तोंडाला लावून सगळा चहा एका दमात संपवला. "छान झालाय," तो म्हणाला. "रोज असाच कर."

मुलगी आनंदानं आत गेली. निरीक्षक आणि त्यांची बायको एकमेकांकडे बघत राहिले. मग सासूबाई उठल्या, आतून मिठाचा मोठा डबा घेऊन आल्या आणि त्यांनी तो हळूच जावयासमोर ठेवला.